मांजराच्या पिल्लाची निर्बीजीकरणपूर्व तयारी

मांजराच्या पिल्लाची निर्बीजीकरणपूर्व तयारी म्हणजे प्रजननक्षमता कायमची थांबवणाऱ्या शस्त्रक्रियेआधी पिल्लाची प्रकृती, आहार, निवारा व वाहतूक यांबाबत घ्यावयाची काळजी होय. या शस्त्रक्रियेत बोक्याचे वृषण काढले जातात. भाटीचे (मांजरीचे) अंडाशय, आणि बहुधा त्यासोबत गर्भाशयही, काढले जाते. बोलीभाषेत दोन्हींना सरसकट ‘नसबंदी’ म्हणतात. तो शब्द तितकासा अचूक नाही, कारण येथे केवळ नलिका बांधली जात नाही, तर इंद्रियच काढून टाकले जाते.

शस्त्रक्रियेचे वय

भाटी साधारणपणे चौथ्या ते सहाव्या महिन्यात प्रथम माजावर येते. म्हणजे घरच्यांच्या लेखी ती अजून ‘पिल्लू’ असतानाच गाभण राहू शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते. मांजरांचा माज दिवसाच्या लांबीशी निगडित असतो. थंड प्रदेशांत तो हिवाळ्यात थांबतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर हिवाळ्यातील दिवस फारसा लहान होत नसल्याने वर्षाचा बहुतेक काळ प्रजननास अनुकूल ठरतो. यामुळे पाच महिने पूर्ण होण्याच्या आत शस्त्रक्रिया करावी, असे पशुवैद्यक सामान्यतः सुचवतात. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाल्यास पुढे स्तनांच्या गाठी होण्याचा धोका बराच कमी होतो. ‘एक वेत होऊ द्यावे, मग करावे’ या रूढ समजुतीस वैद्यकीय आधार नाही.

आधीचे आठवडे

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात व तिच्या पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यानंतर दिली जाते. याच काळात जंतनाशक देऊन घ्यावे.

पिसवांकडे विशेष लक्ष द्यावे. लहान पिल्लाच्या अंगावर पिसवा फार झाल्या तर रक्तक्षय होतो. हिरड्या गुलाबी न दिसता फिकट दिसतात. अशा पिल्लाला भूल देणे जोखमीचे असते. मात्र कुत्र्यांसाठीची पिसूनाशक पावडर किंवा द्रव मांजराला कधीही लावू नये. त्यातील परमेथ्रिन हे द्रव्य मांजरांस विषारी असून प्राणघातक ठरू शकते.

शिंका, नाकातून स्राव, जुलाब किंवा ताप असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. भाटी माजावर किंवा गाभण असल्याची शंका असल्यास, तसेच बोक्याचा एखादा वृषण खाली उतरलेला दिसत नसल्यास, तसे वैद्यकास आधी सांगावे. शस्त्रक्रियेचे स्वरूप त्यानुसार बदलते.

उपाशी ठेवण्याचा काळ

सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. भूल दिल्यावर उलटी झाल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून पोट रिकामे ठेवतात. प्रौढ मांजरास त्यासाठी सहा ते आठ तास उपाशी ठेवण्याचा प्रघात आहे. परंतु पिल्लू म्हणजे लहान आकाराचे प्रौढ मांजर नव्हे. त्याच्या यकृतातील शर्करेचा साठा अल्प असतो. रात्रभर उपाशी ठेवल्यास रक्तशर्करा घसरते. पिल्लू मलूल होते, थरथरते, प्रसंगी बेशुद्ध पडते. म्हणून लहान पिल्लास सामान्यतः दोन ते चार तासच उपाशी ठेवतात व पाणी घेण्यास बराच उशिरापर्यंत मुभा असते. नेमके तास वैद्यकाकडून वय व वजन सांगून विचारून घ्यावेत. दवाखान्यातील छापील सूचना बहुधा प्रौढ जनावरांना धरून असते, हे लक्षात ठेवावे. एकादशीचा उपास पिल्लावर लादण्यात काही पुण्य नाही.

आदल्या दिवशी आहारात बदल करू नये. नेहमीचा मऊ भात व काटे काढलेली उकडलेली मासळी चालते. दूध अनेक मांजरांना पचत नाही, तेव्हा ‘ताकद यावी’ म्हणून ते मुद्दाम पाजू नये. पिल्लास रात्री बंद खोलीत ठेवावे. अन्यथा पहाटे त्याने पकडलेला उंदीर सगळी तयारी व्यर्थ घालवतो.

जोहे परिसरातील व्यवहार

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जोहे हे गाव शेजारच्या हमरापूरप्रमाणे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. गणरायाचे वाहन आणि मांजर यांचे वैर कारखान्याच्या आवारातही सुटत नाही. कारखान्याभोवती वावरणाऱ्या पिल्लाच्या केसांत रंग व प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी बसते आणि अंग चाटताना ती पोटात जाते. शस्त्रक्रियेआधी काही दिवस अशा पिल्लास कारखान्यापासून दूर ठेवून अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आदल्या दिवशी अंघोळ घालू नये, कारण अंग गारठते. गणेशोत्सवाआधीच्या महिन्यांत कारखान्यांची दारे उशिरापर्यंत उघडी असतात व पिल्लास घरात राखणे अवघड जाते. शक्य तर ते दिवस टाळावेत.

ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या व कोंबड्या यांच्याशी निगडित असते. तेथे मांजराची शस्त्रक्रिया होते का, याची चौकशी आधीच करावी. अन्यथा पेण, पनवेल किंवा मुंबईचा विचार करावा लागतो. हमरापूर व पेण ही दोन्ही स्थानके पनवेल-रोहा लोहमार्गावर आहेत. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ साली झाली.

प्रवासासाठी पिल्लास गोणीत बांधून नेण्याची पद्धत सोडावी. घट्ट झाकणाची, हवेशीर टोपली घ्यावी. ती चार-पाच दिवस आधी घरात उघडी ठेवून आत ओळखीच्या वासाचे फडके घालावे. दोन पिल्ले असल्यास टोपल्या वेगळ्या असाव्यात.

बेवारस मांजरांची शस्त्रक्रिया केल्यावर ओळखीसाठी कानाचे टोक छाटण्याची पद्धत आहे. घरच्या पिल्लाबाबत तसे नको असल्यास आधी सांगावे. भारतात २००१ चे जन्मनियंत्रण नियम केवळ श्वानांसाठी होते. त्यांची जागा २०२३ साली ‘पशु जन्म नियंत्रण नियम’ यांनी घेतली.

परतल्यानंतरची पूर्वतयारी

ही व्यवस्थाही शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी लागते. भूल उतरेपर्यंत पिल्लाचे शरीर उष्णता राखू शकत नाही, म्हणून कोरडी, उबदार व जमिनीलगतची जागा हवी. शौचाच्या पेटीत माती किंवा वाळूऐवजी फाडलेले वर्तमानपत्र घालावे, म्हणजे जखमेत कण जात नाहीत. खोली फिनाईलने पुसू नये. फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजरांस अपायकारक असतात. घरातील पॅरासिटामॉलची गोळी वेदनेसाठी देणे तर सर्वांत घातक होय. मांजराचे यकृत ती पचवू शकत नाही व एका गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. वेदनाशामक वैद्यकाकडूनच घ्यावे.

पिल्लू शुद्धीवर येऊन नीट चालू लागताच थोडे अन्न द्यावे. जखम चाटू नये म्हणून गळपट्टी वापरतात. न विरघळणारे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. वयात आलेल्या बोक्याच्या शरीरात शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे शुक्राणू शिल्लक राहू शकतात, त्यामुळे त्या काळात त्यास निर्बीजीकरण न झालेल्या भाटीपासून दूर ठेवावे लागते.