कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी उभा राहिलेला संघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, १०० डॉलरला फुटबॉलचा संघ आणि १५० डॉलरला एक कुत्रा, असा भाव कधी ऐकलाय? १९२२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हा भाव होता. तिथल्या लारू नावाच्या खेड्यात वॉल्टर लिंगो नावाचे गृहस्थ एअरडेल जातीच्या कुत्र्यांची पैदास करून ती टपालाने, आगगाडीने देशभर विकत. ऊरँग केनेल्स हे त्यांच्या धंद्याचं नाव. लारूची वस्ती हजाराच्या आत. पण जाहिरातीचं महत्त्व या खेड्यातल्या माणसाला शहरातल्या भल्याभल्यांपेक्षा आधी कळलं होतं. त्याच वर्षी नॅशनल फुटबॉल लीग हे नाव घेतलेल्या संघटनेत लिंगोंनी १०० डॉलर भरून एक संघ दाखल केला. नाव ठेवलं, ऊरँग इंडियन्स. म्हणजे संघाच्या नावात गाव नाही, केनेलचं नाव आहे. संघ जिथं जिथं खेळेल तिथं तिथं कुत्र्यांचा पुकारा व्हावा, हा त्यातला हिशेब.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे, हे आधी सांगायला हवं. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात किंवा काखेत धरून समोरच्यांच्या भिंतीतून घुसायचं, आणि त्यांनी अंगावर पडून तुम्हाला पाडायचं, असा हा खेळ. पायाचं काम त्यात थोडंच. मी कवितेत रमणारा माणूस, मैदानातलं मला बेताचंच कळतं. पण या संघाची गोष्ट वाचली आणि मला खेळापेक्षा त्यातल्या नावांनी धरून ठेवलं.

या संघातले सगळे खेळाडू अमेरिकेचे मूळ रहिवासी होते. आपल्याकडे सिनेमा पाहून ज्यांना आपण सरसकट ‘रेड इंडियन’ म्हणत आलो, ते. कोलंबस चुकीच्या किनाऱ्याला लागला आणि आपलं नाव त्यांना चिकटलं. खरं तर ते एक नव्हेतच. साक अँड फॉक्स, चिपेवा, चेरोकी, मोहॉक अशा निरनिराळ्या जमाती, निरनिराळ्या भाषा. लिंगोंच्या संघात या सगळ्यांची मिळून एकच ओळख उरली, डोक्यावर पिसं लावलेला इंडियन.

संघाचा कप्तान, प्रशिक्षक आणि मुख्य आकर्षण होता जिम थॉर्प. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथ्लॉन आणि डेकॅथ्लॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदकं एकट्याने जिंकणारा. पुढच्याच वर्षी ती पदकं काढून घेतली गेली. कारण काय, तर १९०९ आणि १९१०च्या उन्हाळ्यांत त्याने किरकोळ पैसे घेऊन बेसबॉल खेळलं होतं, आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. सुट्टीत असे चार पैसे मिळवणारी कॉलेजातली मुलं त्या काळी पुष्कळ होती. पण ती शहाणी मुलं खोटं नाव सांगून खेळायची. थॉर्प आपल्या खऱ्या नावाने खेळला.

आता हे ‘खरं नाव’ म्हणजे तरी काय? जमातीच्या भाषेत त्याचं नाव होतं वाथोहक, म्हणजे साधारण ‘उजळलेली वाट’. शाळेच्या दप्तरात तो जिम थॉर्प होता. त्याची शाळा पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलची, मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी १८७९ साली काढलेली निवासी सरकारी शाळा. ती काढणारे रिचर्ड प्रॅट हे लष्करातले अधिकारी. माणूस वाचवायचा तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, असं त्यांचं उघड मत होतं, आणि त्यांना ते दयाबुद्धीचं वाटत होतं. मुलं आली की केस कापायचे, कपडे बदलायचे, आईची भाषा बोलली तर शिक्षा. सुरुवातीच्या तुकड्यांना फळ्यावर इंग्रजी नावं लिहून दाखवली गेली आणि मुलांनी छडीने त्यातलं एक निवडायचं, तेच पुढे त्यांचं नाव. घरापासून शेकडो मैलांवर कित्येक मुलं तिथंच वारली. त्यांच्या कबरी आजही तिथं आहेत. शाळा १९१८ साली बंद झाली. २०२४च्या डिसेंबरात तिच्या आवाराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

पण याच कार्लाइलने एक जबरदस्त फुटबॉल संघ घडवला. १९१२ साली या मुलांनी सैन्याच्या अकादमीच्या संघाला २७-६ असं हरवलं. हरलेल्यांत एक तरुण होता ड्वाइट आयझेनहॉवर, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. ऊरँगच्या संघातले थॉर्प, जो गायन, पीट कॅलॅक हे याच कार्लाइलचे.

म्हणजे बघा. शाळेने या मुलांची नावं काढून घेतली, पिसं काढून घेतली. दहा-वीस वर्षांनी ती मुलं पुरुष होऊन लिंगोंकडे कामाला आली, तेव्हा त्यांना पिसं परत मिळाली, नावंही मिळाली. पण कसली? कार्यक्रमपत्रिकेवर छापायला ईगल फेदर, वॉर ईगल, बिग बेअर ही नावं ठीकच. त्यांच्या जोडीला लाँग टाइम स्लीप, रिंकल मीट आणि चक्क लाफिंग गॅस! म्हणजे दीर्घ निद्रा, सुरकुतलं मांस आणि हसवणारा वायू. प्रेक्षकाला गंमत वाटेल असं नाव, मग धारण करणाऱ्याला ते कसंही वाटो. माझं नाव ऐकून ‘शेरवानीत याल ना?’ असं विचारणारे कविसंमेलनाचे संयोजक मला भेटले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. ओवीच्या वळणाने लिहिणारा माणूस साध्या सदऱ्यात आला की बिचारे जरा खट्टू होतात, इतकंच.

लारूला संघाजोगं मैदानच नव्हतं. त्यामुळे ‘घरचा’ सामना म्हणजे जवळच्या मॅरियन शहरात, आणि तोही क्वचित. बाकी सगळा हंगाम आगगाडीने गावोगाव. लिंगोंना हेच हवं होतं. सामन्याआधी आणि मध्यंतरात त्यांचा खरा खेळ रंगायचा. एअरडेल कुत्री माग काढून दाखवत. खेळाडू पिसांचे मुकुट घालून नाचत, कुऱ्हाडी आणि सुरे फेकत, फास टाकून दाखवत. लाँग टाइम स्लीप म्हणवला जाणारा निक लासा अस्वलाशी कुस्ती खेळे. पहिल्या महायुद्धाचा देखावा असे, त्यात मूळ रहिवासी टेहळे जर्मनांशी लढत आणि कुत्री जखमींना मदत पोचवत. थॉर्प मैदानाच्या मधोमध उभा राहून एका बाजूच्या गोलखांबांवरून चेंडू मारी, मग वळून दुसऱ्या बाजूच्या. आज अमेरिकन फुटबॉलच्या मध्यंतरात जगप्रसिद्ध गायक गातात. त्या मध्यंतराच्या तमाशाची सुरुवात या संघापासून झाली, असं पुष्कळ जण मानतात.

या नाचाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९२१ साली सरकारच्या इंडियन खात्याच्या आयुक्तांनी एक परिपत्रक काढलं. जमातींचे पारंपरिक नाच आणि विधी यांना आळा घाला, असं त्यात अधिकाऱ्यांना बजावलं होतं. १९२३ साली त्याला पुरवणी जोडून वर्षातले कोणते महिने नाचायचं नाही, तेही सुचवलं. म्हणजे आपल्या माणसांत, आपल्या देवासमोर नाचलं तर सरकारची नाराजी, आणि कुत्री खपवायला नाचलं तर पगार. शिवाय सगळ्या मूळ रहिवाशांना अमेरिकेचं नागरिकत्व देणारा कायदा झाला १९२४च्या जूनमध्ये. तोवर हा संघ मोडलेला होता.

खेळाडूंना हे कळत नव्हतं असं नाही. त्यातला लिऑन बाउटवेल हा चिपेवा खेळाडू पुढे म्हणाला होता, की गोरे लोक आम्हाला रानटी समजायचे, आम्ही मात्र बहुतेक सगळे शिकलेले, त्यांच्याहून सुसंस्कृत. पण रानटी समजतात तर धुडगूस घालायला बरं निमित्त मिळतं, मग आम्हीही घालायचो. मला हा माणूस फार आवडला.

मैदानावर काय झालं ते चटकन सांगतो. पहिल्या हंगामात तीन विजय, सहा पराभव. दुसऱ्या हंगामात एक विजय, दहा पराभव. रात्री जागून, दिवसा कुत्र्यांबरोबर राबून, मध्यंतरात नाचून पुन्हा खेळायचं, तर दुसरं काय होणार? आठवड्याला ५०० डॉलर घेणारा थॉर्प पस्तिशीला आला होता. संघ सांभाळायचा आणि केनेलच्या कामातही लक्ष घालायचं, असा दुहेरी बोजा. १९२३च्या नोव्हेंबरात शिकागोत गोलरेषेजवळ त्याच्या हातून चेंडू निसटला. तो जॉर्ज हॅलस यांनी उचलला आणि ते ९८ यार्ड धावत सुटले, मागे थॉर्प. ऑलिंपिकविजेत्याला हॅलस सापडले नाहीत. तो विक्रम १९७२पर्यंत टिकला.

पहिल्या वर्षी गर्दी लोटली होती. दुसऱ्या वर्षी नवलाई संपली, लोकांना जिंकणारा संघ बघायचा होता. लिंगोंनी हात आखडता घेतला आणि संघ संपला. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये संघ असलेलं सर्वांत लहान गाव, ही लारूची नोंद मात्र कायम आहे. थॉर्प आणि गायन दोघांनाही पुढे कँटनच्या फुटबॉल सन्मानदालनात जागा मिळाली, ती दुसऱ्या संघांतल्या कर्तबगारीवर.

थॉर्प १९५३ साली वारला, हलाखीत. पदकांचा मान १९८२ साली परत मिळाला, पण दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंबरोबर संयुक्त विजेता म्हणून. एकट्याचा विजय मान्य व्हायला २०२२ साल उजाडलं. त्याच्या मृत्यूनंतर पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक या मंदीने गांजलेल्या गावाने त्याच्या तिसऱ्या पत्नीशी करार केला. थॉर्पचा देह आमच्याकडे द्या, आम्ही गावाचं नाव बदलतो. प्रवासी येतील, अशी आशा होती. १९५४ साली शेजारचं गाव मिळवून घेऊन गावाने ‘जिम थॉर्प’ हे नाव घेतलं. वडिलांना ओक्लाहोमात, आपल्या जमातीच्या भूमीत नेऊ द्या, म्हणून मुलगे कोर्टात गेले. २०१४ साली अपील न्यायालयात ते हरले, २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. थॉर्प अजून तिथंच आहे, त्याच्या नावाच्या गावात.