पासष्ट मिलिमीटरनंतर

बुलढाण्याहून भोकरदनकडे निघालं की जिल्हा संपता संपता धाड लागतं. गाव ओलांडून थोडं पुढं गेलं की जालना जिल्हा सुरू. सप्टेंबरातला एखादा ढग या शिवेवर दोन्हीकडच्या सोयाबीनवर सारखाच कोसळतो. पण अलीकडच्या शेताच्या नुकसानीचा कागद बुलढाण्यावरून अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे जातो आणि पलीकडच्या शेताचा जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरला. पुढे दोन्ही कागद मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागात एकत्र येतात. पाण्याखाली गेलेल्या पिकापासून बँकखात्यातल्या रकमेपर्यंतची ही वाट जसजशी समजत गेली, तसतसा मी थक्क होत गेलो. शेतकरी, सरपंच, संस्था चालवणारी माणसं, सगळ्यांचाच तिच्याशी कधी ना कधी संबंध येतो. दिसतो मात्र प्रत्येकाला आपल्यासमोरचा तेवढाच तुकडा.

सगळ्यांत आधी नवल वाटतं ते याचं, की पैसे पाऊस पडायच्या आधीच काढून ठेवलेले असतात. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४८ने प्रत्येक राज्याला असा निधी उभारायला सांगितलं. त्यातून २०१०पासून ‘राज्य आपत्ती प्रतिसाद निधी’ आला. त्याआधीही काही नव्हतं असं नाही. १९५७च्या दुसऱ्या वित्त आयोगानेच राज्यांच्या हिशेबात संकटासाठी थोडी रक्कम धरायला सुरुवात केली होती आणि १९९०पासून आपत्ती निवारणाचा वेगळा निधी होता. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या राज्यांचे मिळून १,६०,१५३ कोटी रुपये आपत्तीसाठी ठरवून दिले. आधीचा खर्च, क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि जोखीम यांचा मेळ घालून वाटणी झाली, तेव्हा देशात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राच्या पदरात पडला. आपल्याकडे या निधीतल्या प्रत्येक रुपयातले पंचाहत्तर पैसे केंद्राचे आणि पंचवीस राज्याचे असतात. ही रक्कम राज्याच्या लोकलेख्यात ८१२१ या शीर्षाखाली, व्याज मिळणाऱ्या राखीव निधीत राहते; खर्च पडतो २२४५ या शीर्षाखाली. मदतीचा कोणताही शासन निर्णय उघडून पाहा, शेवटच्या परिच्छेदांत कुठे तरी हा २२४५ सापडतोच.

म्हणजे पैसा आहे. तो धाडच्या शिवारापर्यंत यायचा तर आधी पावसाला मोजमापात बसावं लागतं.

महाराष्ट्रात नुकसानीचा पहिला निकष महसूल मंडळावर ठरतो. काही गावांचं मिळून एक मंडळ. त्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की ‘अतिवृष्टी’. हे मोजायला आता ‘महावेध’ प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. राज्यात दोन हजारांहून अधिक, साधारण मंडळाला एक. एका छोट्या कुंपणात उभा असलेला तो खांब आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या वतीने साक्ष देतो. पाऊस मात्र मंडळभर सारखा पडत नाही. एका गावात ओढा फुटलेला असतो आणि यंत्रापाशी नुसती भुरभुर असते. या दरीची तक्रार गावोगाव ऐकू येते आणि ती खरी आहे. दुसरी अडचण संततधारेची. रोज वीस-पंचवीस मिलिमीटर, पण महिनाभर. मुळं कुजतात, शेंगा काळ्या पडतात आणि पासष्टचा आकडा काही गाठला जात नाही. २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही राज्यापुरती वेगळी आपत्ती मान्य केली, ती यामुळेच. केंद्राच्या यादीत बारा आपत्ती आहेत. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामीपासून गारपीट, ढगफुटी, किडींचा हल्ला, थंडीची लाट अशी ती यादी. त्यात नसलेल्या स्थानिक संकटासाठी राज्याला निधीतला दहा टक्के हिस्सा वापरता येतो. शेतकऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या ओरडीतून एक नवी आपत्ती कायद्याच्या नजरेला दिसू लागली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाऊस बसला निकषात, की पंचनामा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघं मिळून शेतात जातात. सरकारने अलीकडे तिघांचीही पदनावं बदलली आहेत, पण गावात अजून हीच नावं चालतात. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असेल तरच मदत. २०१५पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. सतरा टक्क्यांच्या त्या फरकात किती शिवारं आत आली असतील, याचा विचार केला की एका शासकीय ओळीचं वजन कळतं.

मग गावची यादी तहसीलदारांकडे, तालुक्याची जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्याची अमरावतीला आणि विभागाची मुंबईला. वर जाताना माणसांचे आकडे होतात: बाधित शेतकरी इतके, क्षेत्र इतके हेक्टर, लागणारा निधी इतका. मंत्रालयातून शासन निर्णय निघतो आणि प्रवाह उलटा फिरतो. अर्थसंकल्प वितरण प्रणालीवरून निधी जिल्ह्याकडे येतो, तहसीलमधून शेतकऱ्यांच्या याद्या संगणकावर चढतात आणि आकड्यांची पुन्हा माणसं होतात. प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रावर अंगठा टेकवून आधारची ओळख पटवायची, मग पैसे थेट खात्यात. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरं, खातं तिसऱ्याच गावच्या बँकेत. पुष्कळांची मदत अडकते ती इथे, शेवटच्या पावलावर. वारसनोंद न झालेली जमीन आणि सामाईक खातं ही आणखी दोन दुखणी. ती पावसाळ्याआधीच निस्तरता येतात, आणि गावाने ती आधी निस्तरावीत असं मला कळकळीने वाटतं.

मिळतं किती? २०२२पासूनच्या केंद्राच्या दरांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५००, बैल ३२,०००, शेळी किंवा मेंढी ४,०००. माणूस गेला तर वारसांना चार लाख. नदीने जमीन खरडून नेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी ४७,०००. साडेआठ हजारांत सोयाबीनचा खर्चही निघत नाही. पण हा दर मुळात पिकाची किंमत म्हणून ठरलेलाच नाही. तो ‘निविष्ठा अनुदान’ आहे, म्हणजे पुढच्या पेरणीचं बी-खत घ्यायला हातभार. भरपाई देणं हे पीकविम्याचं काम, असं या रचनेत गृहीत धरलंय. ही गोष्ट शेतकऱ्याला कुणी नीट सांगत नाही आणि त्यामुळे तो दरवेळी नव्याने दुखावला जातो.

राज्याला आपल्या तिजोरीतून जास्त देता येतं, आणि महाराष्ट्र ते देतो. मात्र दरवेळी वेगळ्या हाताने. जानेवारी २०२४च्या निर्णयात कोरडवाहूचा दर १३,६०० झाला आणि मर्यादा तीन हेक्टर. मे २०२५मध्ये दोन्ही पुन्हा केंद्राच्या मापावर आले. मग त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा-विदर्भात जे पाणी आलं, त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं: मर्यादा पुन्हा तीन हेक्टर, रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १०,००० वेगळे, खरडलेल्या जमिनीला ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं, गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,०००. पासष्ट मिलिमीटरची अटही त्या वेळी बाजूला ठेवली गेली. या सगळ्यात रोजगार हमीचा उपयोग मला सर्वांत शहाणा वाटतो. ज्याची माती वाहून गेली, त्याला ती परत आणून टाकायला मजूर, वेळ आणि पुन्हा माती लागते. रोख रकमेने फक्त पहिल्या दोन गोष्टी मिळतात.

दुष्काळाची वाट आणखी वेगळी. २०२३च्या ऑक्टोबरअखेर राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. म्हणजे बुलढाणा तालुक्यातलं धाडही आत आलं. पूर्वी हे काम पैसेवारीवर चालायचं. आता २०१६च्या दुष्काळ संहितेप्रमाणे पावसाची तूट, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाला दिसणारा पिकाचा हिरवेपणा एकत्र तपासतात, मग निवडक गावांत माणसं जाऊन खात्री करतात. शेकडो किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह कपाशीचा रंग उतरलेला टिपतो आणि त्याच्या साक्षीने गावातल्या पोराची परीक्षा फी माफ होते! दुष्काळात पैशापेक्षा सवलती जास्त असतात: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीच्या कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, टँकर, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता.

आता ग्रामपंचायतीकडे येऊ, कारण आपत्तीत गावाचं स्वतःचंही काही मोडतं. फरशी पूल, शाळेची भिंत, पाणीपुरवठ्याची जलवाहिनी, पांदण रस्ता. सरपंच मंत्रालयात अर्ज करून हा निधी आणू शकत नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण हे त्याचं दार. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष, आणि कायद्याने जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना तिथे सह-अध्यक्षपद दिलं आहे. लोकांनी निवडलेल्या माणसाची ही खुर्ची किती गावांना ठाऊक असेल? जिल्हा परिषदेचे अभियंते पाहणी करतात, अंदाजपत्रक होतं, तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता. प्रतिसाद निधीतून फक्त तातडीची दुरुस्ती होते, आधीपेक्षा चांगलं नवं काही बांधता येत नाही. त्यासाठी जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोगाचं अनुदान किंवा पुनर्बांधणीचा वेगळा हिस्सा शोधावा लागतो.

आणि इथे सगळं येऊन ठेपतं गावच्या दप्तरावर. ग्रामपंचायतीच्या नोंदवह्यांत नमुना २२ स्थावर मालमत्तेचा, नमुना २३ रस्त्यांचा. जो रस्ता नमुना २३मध्ये नाही, तो पुरात वाहून गेला तरी कागदावर काहीच वाहून गेलेलं नसतं. पूल पडल्यावर काढलेल्या छायाचित्राइतकंच, त्याच्या आदल्या वर्षीचं धडधाकट पुलाचं छायाचित्र कामाला येतं. या साध्या वहीची ताकद कळली तेव्हा मला ग्रामसेवकाच्या कामाबद्दल नव्याने आदर वाटला.

जुलै २०२३मध्ये याच जिल्ह्यात, घाटाखालच्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत एका दिवसाच्या पावसाने शेतं खरवडून काढली, घरं पाडली. अशा वेळी गावात सरकारच्या आधी पोचतात ते शेजारचे लोक आणि संस्था. या संस्थांना प्रतिसाद निधीतून थेट पैसा मिळत नाही. त्यांच्यासाठी वाटा वेगळ्या आहेत. ३० मे २०१९ला कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्तीतली मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी यांची भर पडली. तेव्हापासून कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी या कामाला स्पष्टपणे देता येतो. त्यासाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंद हवी, आयकरातली नोंदणी हवी. परदेशातून देणगी यायची तर ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच आली पाहिजे.

संस्था आणि सरकार यांचा पैसा एकत्र कसा नांदतो, हे पाहायला बुलढाण्याहून चांगला जिल्हा नाही. २०१८मध्ये शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने जिल्हा दुष्काळमुक्त करायचं मनावर घेतलं आणि शंभराहून जास्त जेसीबी-पोकलेन इथे उतरवले. यंत्रं संस्थेची, डिझेल सरकारचं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतला गाळ निघाला आणि शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने शेतात नेला. त्याच सुमाराला महामार्गासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून घ्यायची कल्पना इथे राबवली गेली. रस्त्याला भराव मिळाला, तलावाला खोली मिळाली, आणि खोदाईचा वेगळा खर्च पडला नाही. यालाच ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणतात. याच संघटनेने ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती. त्या पुनर्वसनातही जागतिक बँकेचं कर्ज, राज्याचा पैसा आणि देणगीदार संस्थांनी दत्तक घेतलेली गावं अशी तिहेरी गुंफण होती.

राज्याचा निधी अपुरा पडला तर दिल्लीची वाट उरते. राज्य निवेदन पाठवतं, आंतर-मंत्रालयीन पथक बांधावर येतं, त्याचा अहवाल केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उच्चस्तरीय समितीपुढे जातो, आणि राज्याच्या निधीत शिल्लक असलेल्या रकमेचा निम्मा भाग वजा करून मंजुरी मिळते. पथक येईपर्यंत शेतकऱ्याने शेत पुन्हा नांगरलेलं असतं, हेही आपण पाहतो. अशा वेळी पुन्हा पंचनामा आणि त्या पहिल्या आठवड्यातली छायाचित्रंच बोलतात.

पंधराव्या वित्त आयोगाने आपत्तीसाठी ठरवलेल्या १,६०,१५३ कोटींचा पाचवा भाग, ३२,०३१ कोटी, आपत्ती यायच्या आधी करायच्या कामांसाठी बाजूला काढला. राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी असं त्याचं नाव. वीज अटकाव यंत्रणा, नाल्याकाठच्या संरक्षक भिंती यांसारखी कामं त्यात बसतात. प्रस्ताव जिल्हा प्राधिकरणातूनच जावा लागतो, पण त्याची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. कोणत्या ओढ्याचं पाणी कोणत्या वस्तीत शिरतं आणि रानात वीज वारंवार कुठे पडते, हे धाडच्या माणसांना तोंडपाठ असतं. ठरावात तेच लिहायचं आहे, गट क्रमांकासह.