शाळेतील कार्यशाळा आणि शासकीय निधी

विक्रोळी व भांडुप यांच्या दरम्यानचे कांजूरमार्ग ही एके काळी कारखान्यांची वस्ती. घरातील कर्त्या माणसाच्या ओळखीने तरुण तेथे उमेदवार म्हणून लागत व काम शिकत. पुढे अनेक कारखान्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हाताला कसब देण्याची जबाबदारी आता शाळेवर आली आहे.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याची शिफारस केली होती. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत व्यवसाय शिक्षणासाठी तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रासाठी तिच्यात केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला.

हा निधी दोन प्रकारचा असतो. अनावर्ती निधीतून यंत्रे व हत्यारे घेतली जातात. आवर्ती निधीतून प्रशिक्षकाचे मानधन व कच्चा माल यांचा खर्च भागतो. यंत्र एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालते. तार, पत्रा, लाकूड मात्र दरवर्षी लागते. प्रशिक्षक व माल वेळेवर न मिळाल्यास यंत्र शोभेची वस्तू ठरते.

म्हणून पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत केवळ ‘कार्यशाळा आहे काय?’ असे न विचारता, ‘यंदा माल आला काय? प्रशिक्षक आहे काय?’ हेही विचारावे. निधी जनतेचा आहे. त्याचा खरा हिशेब विद्यार्थ्याच्या हातातील कसबात दिसला पाहिजे.