पाचनंतरचं श्टुटगार्ट

पुण्या-नाशिककडच्या वाहन उद्योगातल्या माणसाला श्टुटगार्ट न पाहताच ओळखीचं असतं. चाकणच्या मर्सिडीजचं मूळ गाव तेच आणि नाशिककर अजूनही ज्याला ‘मायको’ म्हणतात त्या बॉशचंही. त्यामुळे कुणी ना कुणी आठवडा-पंधरा दिवसांसाठी तिकडे जातच असतं. आल्यावर ‘काय काय पाहिलंस?’ विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘तिथे काय आहे? नुसते कारखाने.’ मग मोबाइलमधून फोटो निघतात ते पॅरिसचे, शनिवार-रविवारी धावतपळत उरकलेल्या.

पॅरिसला नावं ठेवायचं कारण नाही. पण कंपनीच्या कामाने गेलेल्या माणसाचा दिवस त्याचा नसतो, संध्याकाळ असते. जर्मन माणूस सकाळी लवकर कामाला लागतो आणि साडेचार-पाचला घरची वाट धरतो. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो साडेनवाच्या सुमारास. म्हणजे रोज चार तासांचा उजेड फुकट पदरात पडतो. तो हॉटेलच्या खोलीत लॅपटॉपसमोर घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना बढतीही वेळेवर मिळालेली नाही.

या वेळात संग्रहालयांचा उपयोग नाही. ती बहुतेक सहाच्या आत बंद होतात आणि सोमवारी उघडतच नाहीत. मर्सिडीजचं भव्य संग्रहालय रविवारसाठी ठेवावं, कारण त्या दिवशी दुकानं कायद्यानेच बंद असतात. खरं तर दिवसभर गाड्यांचे सुटे भाग तपासलेल्या माणसाने पुन्हा गाड्याच का पाहायच्या? जायचंच तर कानश्टाटमधली बागेतली ती छोटी खोली गाठावी. 1882पासून गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख तिथे दारं लावून इंजिनावर खपत असत. आत खोटी नाणी पाडतात की काय, अशा संशयाने माळ्याने पोलिसांना वर्दी दिली होती, अशी गोष्ट सांगतात.

संध्याकाळी पाहायचा तो या शहराचा चढउतार. मूळ श्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगट जागेत वसलं आहे. वाटीचा काठ फक्त नेकर नदीच्या बाजूला फुटलेला. भोवतालच्या उतारांवर पूर्वी द्राक्षमळे होते. मळेकऱ्यांनी चढण्या-उतरण्यासाठी दगडी पायऱ्या बांधल्या. शहर वाढून टेकड्यांवर चढलं, मळ्यांच्या जागी घरं आली, पायऱ्या मात्र राहिल्या. असे जिने आजही चारशेच्या वर आहेत. ‘श्टेफेले’ म्हणतात त्यांना. दोन घरांच्या भिंतींमधून जिना वर जातो, मध्येच एक बाक लागतो आणि मागे वळलं की छपरांवरून सगळं गाव दिसतं. रेल्वे स्टेशनच्या मागच्या टेकडीवर तर अजूनही द्राक्षाच्या वेली आहेत.

गुडघे कुरकुरत असतील तर मारियनप्लाट्सवरून पिवळी ‘त्साके’ पकडावी. ही दात्यांच्या रुळावरची गाडी 1884पासून डेगरलोखच्या टेकडीवर चढते आहे. दोन किलोमीटरच्या वाटेत ती दोनशे मीटर उंची गाठते. सगळ्यांत तीव्र ठिकाणी शंभर मीटरमागे जवळजवळ अठरा मीटरचा चढ आहे. एवढ्या चढावर लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरणारच. म्हणून दोन रुळांच्या मध्ये शिडीसारखी दात्यांची पट्टी असते आणि डब्याखालचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर सरकतं. आपल्या माथेरानच्या गाडीला दाते नाहीत, ती वळणं घेत चढते. उटीच्या गाडीला आहेत. गंमत म्हणजे त्साके पर्यटकांसाठी नाहीच. शहराच्या ट्रामच्याच तिकिटावर चालते, शाळेची पोरं आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका तिच्यात असतात. गाडीच्या पुढे सायकलींसाठी एक उघडी ट्रॉली असते. सायकली फक्त वर न्यायच्या. उतरताना ज्याची त्याने चालवत यावं.

डेगरलोखहून ट्राम बदलली की टीव्ही मनोरा. 1956चा हा मनोरा जगातला काँक्रीटचा पहिला. आधी तिथे तारांनी ताणलेला साधा लोखंडी खांब उभारायचा बेत होता. फ्रिट्झ लेओनहार्ट या पुलांच्या इंजिनिअरने सुचवलं की काँक्रीटचा बांधू आणि वर लोकांना जाऊ देऊ. खर्चावरून ओरड झाली, पण तिकिटांच्या पैशांतून तो पाच वर्षांत वसूल झाला. पुढे जगभर जे मनोरे उभे राहिले त्यांचा हा आजोबा.

एकच संध्याकाळ मिळणार असेल तर मात्र मी बिर्केनकोफ सांगेन. ही टेकडी अर्धी माणसांनी रचलेली आहे, तीही नाइलाजाने. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी शहराचा जवळजवळ निम्मा भाग पाडला. तो ढिगारा टाकायचा कुठे? 1953 ते 1957 या काळात सुमारे पंधरा लाख घनमीटर राडारोडा इथे आणून ओतला आणि टेकडी चाळीसेक मीटरने उंच झाली. वळणावळणाच्या रस्त्याने चढून माथ्यावर गेलं की मातीने झाकलेलं काही नाही. घरांचे दगड तसेच पडलेले. एकावर नक्षी, दुसऱ्यावर खांबाच्या खाचा, तिसरा कुठल्यातरी खिडकीची चौकट. त्यांच्यावरच बसून तरुण मंडळी बिअर पितात. सुरुवातीला ते खटकतं.

वास्तुकलेत रस असणाऱ्यांनी व्हाइसनहोफला जावं. 1927च्या प्रदर्शनासाठी मीस फान डेर रोहच्या देखरेखीखाली सतरा वास्तुकारांनी ही वसाहत बांधली. तिथली ल कॉर्बुझिएची दोन घरं आणि त्याचं चंडीगढमधलं कॅपिटॉल संकुल 2016 साली एकाच नोंदीने जागतिक वारशाच्या यादीत आले. घरं बाहेरून कधीही पाहता येतात.

डिसेंबरात गेलात तर हे सगळं विसरा. साडेचारलाच अंधार होतो. तेव्हा शहराचं नवं ग्रंथालय गाठावं. रविवार सोडून रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तिकीट नाही आणि आत ऊब आहे. मधल्या पांढऱ्याशुभ्र चौकाभोवती पुस्तकांचे मजले चढत जातात.

राहिलं जेवण. शाकाहाऱ्यांनी ‘केझश्पेट्झले’ मागवावं : अंड्याच्या पिठाचे जाडसर शेवयांसारखे तुकडे, त्यावर वितळलेलं चीज आणि परतलेला कांदा. अंडं चालत नसेल तर सॅलड आणि बटाट्यांवर भागवावं लागेल. मेनूत ‘लिन्झन’ म्हणजे मसूर दिसल्यावर आपली आमटी आठवून हुरळू नका. तिच्यावर दोन सॉसेज ठेवून येतात, आणि ती काढून ठेवायला सांगितलं तरी मसुरात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. आधी विचारून घ्यावं.