दार उघडं राहावं म्हणून

घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोतून असल्फ्याच्या टेकडीवरची रंगवलेली घरं दिसतात. त्या घरांमधल्या पायऱ्यांवरून एका वेळी एकच माणूस नीट चढू शकतो. सकाळी अकराला अंगणवाडी सेविका ताईंच्या मागोमाग मी त्या चढत होतो. "आधी आलो असतो तर पाणी भरायची घाई. एकनंतर बाई कामावर," त्या म्हणाल्या. घरभेटीची वेळ त्या नळ पाहून ठरवतात.

दहा बाय दहाची खोली. दीड वर्षाचा मुलगा नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ती शाळेत का गेली नाही, हे ताईंनी आल्या आल्या विचारलं नाही. उंबऱ्याशी टेकल्या, पाणी मागितलं, गावी गेलेल्या सासूची चौकशी केली. मग मुलाच्या दंडाला पट्टी गुंडाळली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. तिथून साडेबारापर्यंत पिवळा. पट्टी पिवळ्यात थांबली. "मागच्या महिन्यात लाल होता. भरतोय गं बाळ," ताई म्हणाल्या. आईचा ताठलेला चेहरा सैलावला.

उतरताना ताईंनी त्यांची जुनी चूक सांगितली. एका घरी त्या पटकन बोलून गेल्या होत्या, "पोराकडे लक्ष देत नाहीस." पुढचे दोन महिने त्या दाराला आतून कडी होती.

2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवेत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहार मिळतो. पाकीट घरी पोचतं. ते भरवायला मात्र कुणीतरी घरात लागतं. नवरा वारल्यापासून या बाळाची आई तीन घरची धुणीभांडी करते. बाहेरून हेळसांड दिसते, ती आतून पाहिली तर कामाच्या वेळांची ओढाताण असते. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार दुर्लक्षित मूल बालकल्याण समितीपुढे नेता येतं. तिथवर वेळ येऊ नये, यासाठीच ताईंच्या या खेपा. महिना 2,250 रुपयांच्या बालसंगोपन योजनेसाठी मृत्यूच्या दाखल्यापासून सगळे कागद त्यांनी तिच्यासोबत जमवले. तिसऱ्या भेटीत शाळेचा विषय काढला. तोवर दुपारी बाळाला सांभाळायला शेजारच्या आजी तयार झाल्या होत्या.

मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था 1972 पासून बांधकामांवर पाळणाघरं चालवते; आई राबते तिथंच मूल सांभाळलं जातं. धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र असं एक ठिकाण नसतं. ही उणीव अजून शेजारणींच्याच जिवावर भागते आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

भाड्याची खोली बदलली की कुटुंब यादीतून निसटतं, ही ताईंची मोठी धास्ती. पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा ती आई स्वतःच अंगणवाडीच्या दारात उभी होती.

"ताई, एक तारखेला साकीनाक्याला जातोय. तिथल्या बाईंना बाळाचं सांगून ठेवाल?"

ताईंनी लगेच फोन काढला.