टँकरचालकाची विश्रांती : एक टिपण

दिवाळे या कोळ्यांच्या गावाजवळून शीव–पनवेल महामार्ग जातो. एकीकडे ठाणे–बेलापूर पट्ट्यातील रसायनांचे कारखाने व दुसरीकडे उरणनजीकचे जवाहरलाल नेहरू बंदर असल्याने या परिसरात टँकरांची वर्दळ नित्याची आहे. अशा टँकरचा चालक गाडी उभी करून तिच्याजवळ बसला, तर त्यास विश्रांती म्हणावयाचे काय?

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती विहित होती. २०२५ च्या नोव्हेंबरात २०२० च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली. तथापि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक मालाचे वाहन उभे असतानाही चालकाच्या अथवा अठरा वर्षांवरील अन्य सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली असावयास हवे. सोबत जाणता क्लीनर असल्यास अडचण नाही. एकट्या चालकाची मात्र कोंडी होते.

अमेरिकेतील नियमांनुसार स्फोटके नेणाऱ्या चालकाने अन्य काम न करता केवळ राखण केली, तरी ती तीस मिनिटांची विश्रांती समजली जाते. हे उत्तर हिशेबापुरतेच होय. राखणदारास डोळा लावता येत नाही. दुसरा माणूस देणे किंवा पहाऱ्याचा वाहनतळ उभारणे, हाच आमच्या मते उपाय असून त्याचा खर्च माल पाठविणाऱ्याने सोसावा.