जॉन्स हॉपकिन्स इतिहास सेमिनार

जॉन्स हॉपकिन्स इतिहास सेमिनार : अमेरिकेतील इतिहासाच्या पदव्युत्तर अध्यापनाला वळण देणारा उपक्रम. बॉल्टिमोर येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स (१८५०–१९०१) याने तो नावारूपास आणला. हायड्लबर्गची डॉक्टरेट मिळविलेल्या ॲडम्सने जर्मन पद्धती अंगीकारली. पाठ्यपुस्तकाच्या घोकंपट्टीऐवजी विद्यार्थ्याने मूळ कागदपत्रांवरून निबंध लिहावा, तो मेजाभोवती बसलेल्या अध्यापक-सहाध्यायांपुढे वाचावा आणि त्यांच्या टीकेला तोंड द्यावे, असा तिचा क्रम होता. निवडक निबंध विद्यापीठाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध होत.

न्यू इंग्लंडमधील ग्रामसंस्थांचे मूळ प्राचीन जर्मन ग्रामव्यवस्थेत आहे, असे ॲडम्सचे मत होते. त्यास पुरावा मात्र तोकडा होता. त्याला छेद दिला तो याच सेमिनारमधून १८९० मध्ये डॉक्टरेट मिळविलेल्या फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने. अमेरिकन संस्था युरोपीय बीजापेक्षा पश्चिमेकडे सरकणाऱ्या सरहद्दीने घडविल्या, असे त्याने १८९३ मध्ये शिकागो येथील निबंधात मांडले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला वुड्रो विल्सन हाही ॲडम्सचाच विद्यार्थी. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचा ॲडम्स पहिला चिटणीस होता.